नवतप्यातले चार दिवस, नागपूरच्या तळ्यांकाठी

वाईच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला. टुंड्राचा धडा आला की फळ्यावर एक वाक्य लिहायचो: ‘येथील जमीन कायम गोठलेली असते.’ मुलं ते वहीत उतरवायची, परीक्षेत लिहायची आणि मी त्यावर बरोबरची खूण करायचो. त्यातला ‘कायम’ मला यंदा नागपुरात खोडावा लागला.

माझी भाची अलास्कातल्या एका विद्यापीठात पीएचडी करते. विषय आहे तळी, म्हणजे गोठलेल्या जमिनीवरची तळी. वर्षाकाठी तीनच आठवडे घरी येते. मेच्या अखेरीस, उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस लागले तेव्हा, ताईचा फोन आला, “नवतपा लागलाय, ऊन सोसवणार नाही तुला. पण पोरगी पुन्हा वर्षभर दिसायची नाही. ये.” मी गेलो.

पहिला दिवस

पुण्याहून रात्रीची गाडी धरली, सकाळी नागपूर. स्टेशनाबाहेर भाऊजी स्कूटर घेऊन उभे होते. त्यांच्या खांद्यावर दोन दुपट्टे होते, एक त्यांचा आणि एक माझा. तिथेच उभं करून त्यांनी तो माझ्या डोक्याभोवती गुंडाळला आणि दोन्ही कान झाकले गेल्याची बोटाने खात्री केली. “कान उघडा राहिला का ऊन लागलंच समजा,” म्हणाले. साडेनऊ वाजले होते आणि स्कूटरची सीट आत्ताच हाताला चटका देत होती.

वाटेत तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा, वर कच्चा कांदा. एवढ्या उन्हात एवढं तिखट कशाला, असं पुण्याच्या माणसाला वाटतं. खाल्ल्यावर भरपूर घाम येतो आणि मग स्कूटरवरचा वाराही गार लागतो. इथल्या लोकांचं गणित पक्कं आहे.

घरात शिरलो तर वाळ्याचा वास. कूलरला वाळ्याचे ताजे ताटे लावले होते. ताईने कैरीचं पन्हं पुढे केलं आणि भाची स्वयंपाकघरातून धावत आली. उन्हाने नाही, बर्फावरून परत येणाऱ्या उजेडाने तिचं नाक आणि गाल रापलेत. नागपूरच्या पोरीला ऊन लागावं ते बर्फावर, याचं ताईला अजून नवल वाटतं.

दुपारी बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. मी माझं फळ्यावरचं वाक्य तिला सांगितलं. ती म्हणाली, “मामा, सलग दोन वर्षं तरी शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. व्याख्या एवढीच आहे. त्यात ‘कायम’ कुठेच नाही.” उत्तर गोलार्धातल्या जमिनीपैकी जवळपास पाव हिस्सा अशा जमिनीच्या पट्ट्यात येतो. वरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो, थंडीत पुन्हा गोठतो. खालचा गोठलेलाच राहतो. त्यात हजारो वर्षांची मुळं, पानं, गवत, जनावरं न कुजता पडून आहेत. सगळा हिशेब केला तर सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन, आज हवेत आहे त्याच्या साधारण दुप्पट.

“पण तळ्यांचा संबंध काय?” मी विचारलं.

ती मला माठाकडे घेऊन गेली. नागपूरच्या घरात माठ वाळूच्या ढिगावर ठेवतात. तिने तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. कडेची वाळू कोरडी, भुरभुरीत होती आणि मधोमध काळपट ओला गोल. “बोट घाल,” म्हणाली. घातलं. वर चार बोटांचा वाटणारा ओलावा खोलवर, वाटीसारखा उतरला होता.

“तळं आपल्या बुडाखाली हेच करतं. फक्त ओलीच्या जागी ऊब घाल.”

तिकडे हिवाळ्यात तळ्यावर दीड-दोन मीटर जाडीचं बर्फ धरतं. तळं त्याहून उथळ असेल तर तळापर्यंत गोठतं आणि खालची जमीनही गोठलेलीच राहते. त्याहून खोल असेल तर वर उणे चाळीस असलं तरी बर्फाखाली पाणी पाणीच राहतं. मग तळाची माती बारा महिने शून्याच्या वर, आणि तिच्याखालची गोठलेली जमीन वर्षागणिक वितळत जाते. त्या वितळलेल्या वाटीला रशियन शब्द आहे, तालिक. काही भागांत या जमिनीत आकारमानाने निम्म्याहून जास्त बर्फच असतं. ते वितळलं की जमीन खचते, तळं आणखी खोल होतं, खोल तळं आणखी ऊब साठवतं. काठ ढासळतात, काठावरची झाडं मुळांसकट पाण्याकडे झुकतात.

मला वाटत होतं की ध्रुवाकडची थंडी संपली तर हे सगळं होणार. तसं नाही. थंडी नुसती थोडी कमी पडली तरी पुरतं. हिवाळ्याचं बर्फ वीतभर पातळ झालं की कालपर्यंत तळापर्यंत गोठणारं तळं गोठेनासं होतं. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर १९९१ ते २०११ या काळात उपग्रहाच्या रडारवरून पाहिलं, तर तळापर्यंत टेकणारं बर्फ लक्षणीय कमी झालेलं आढळलं. एवढ्या फरकाने तळ्याखालची जमीन बाजू बदलते.

ताईने माठ जागेवर ठेवला आणि आम्हा दोघांना वाळू झाडायला लावली.

संध्याकाळी फुटाळ्याला गेलो. भोसल्यांच्या काळातला तलाव, काठावर अख्खं शहर हवा खायला आलेलं. भुट्टेवाले, कुल्फीवाले, कॉलेजची पोरं. पाणी बरंच खाली उतरलं होतं. भाची काठावर बसून म्हणाली, “मामा, तिकडे एवढं तळं एका उन्हाळ्यात नाहीसं झालेलं असतं. आपण नकाशा घेऊन जातो आणि समोर ओला चिखल.”

२००५ साली लॉरेन्स स्मिथ हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायबेरियातल्या तळ्यांची मोजदाद प्रसिद्ध केली. सत्तरच्या दशकातली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरची उपग्रहचित्रं शेजारी ठेवून पाहिली. मोठी तळी सुमारे अकरा हजार होती, त्यातली १,१७० कमी झाली. बहुतेक आक्रसली, १२५ तर पार गेली. आणि त्याच अभ्यासात आणखी उत्तरेला, जिथे जमीन सलग गोठलेली आहे, तिथे तळ्यांचं एकूण क्षेत्र वाढलेलं निघालं. एकच उष्मा एकीकडे तळी वाढवतो आणि दुसरीकडे पितो. माझं डोकं इथे अडलं. तिने कुल्फीची काडी ओल्या मातीत आरपार खुपसून दाखवलं: उत्तरेला गोठलेला थर शेकडो मीटर जाड, वाटी कितीही खोल झाली तरी बूड शाबूत, म्हणून तळं पसरतं. दक्षिणेला थर पातळ, वाटीचं बूड फुटतं आणि न्हाणीघराची मोरी उघडावी तसं पाणी खाली उतरून जातं.

जाणाऱ्यांसाठी: मेमध्ये नागपूरला जायचंच असेल तर सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर एवढाच वेळ आपला धरा. मधला वेळ घरात, कूलरसमोर. आणि या दिवसांत संत्री मागू नका, हंगाम नसतो. संत्रा बर्फी बारमाही मिळते.

दुसरा दिवस

पहाटे मेट्रोने अंबाझरीकडे. ॲक्वा लाईनवर डब्याच्या खिडकीतून तलाव दिसतो, तेवढ्यासाठी तरी मेट्रोनेच जावं. हा तलाव १८७० च्या सुमाराचा, मातीच्या बांधाचा. बांधावर फिरायला आलेली म्हातारी माणसं, जांभळ्या पाणकोंबड्या, आणि सात वाजताच डोळ्यांवर येणारं ऊन.

ताईची एक मैत्रीण बांधाखालच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, राहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे हा तलाव सांडव्यावरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली. मैत्रीण आम्हाला भिंतीवरची रेघ दाखवत होती, माझ्या छातीपर्यंत. रंग दिला तरी रेघ पुन्हा उमटते, म्हणाली. त्या रात्री त्यांनी शेजारच्या आजींना खुर्चीसकट जिन्यावर नेऊन ठेवलं होतं. ती हे सांगताना दर वाक्याला चहाच्या कपावर हात ठेवायची, जणू तोही वाहून जाईल.

परत बांधावर आल्यावर भाचीने सांडव्याकडे बोट केलं. “इथे दगडी सांडवा आहे म्हणून एवढ्यावर भागलं. तिकडे सांडवा बर्फाचा असतो.”

गोठलेल्या जमिनीत भेगांमधून बर्फाच्या पाचरी उतरलेल्या असतात, जाळीसारख्या. पाऊस जास्त झाला, तळं काठोकाठ भरलं, की पाणी एखाद्या पाचरीवरून सांडायला लागतं. वाहतं पाणी बर्फ वितळवतं, चर खोल होतो, खोल चरातून जास्त पाणी, जास्त पाण्याने आणखी वितळ. सांडवा स्वतःच स्वतःला खणत जातो. कॅनडाच्या वायव्येला फोर्ट मॅकफर्सन गावाजवळ २०१५ च्या जुलैत असंच झालं. तळं उतारावर होतं, मधली बर्फाची भिंत वितळून ढासळली आणि पाणी खालच्या दरीत कोसळलं. वायव्य अलास्कात २०१८ या एकाच वर्षात जवळपास दोनशे तळी रिकामी झाली किंवा मोठ्या प्रमाणात आटली. त्याच्या आधीचा हिवाळा उबदार होता, बर्फवृष्टीही भरपूर झाली होती.

“एवढं पाणी जातं तेव्हा कोणी पाहतं का?” मी विचारलं.

“गावं लांब असतात. बऱ्याचदा उपग्रहालाच दिसतं. मी एकदा दोन दिवस उशिरा पोचले होते. तळाच्या चिखलात मासे पडले होते, वर सीगल. मला वास आठवतो.”

ती इतकंच बोलली. मीही विचारलं नाही.

बांधाखाली एका टपरीवर कोरा चहा घेतला. तिने ग्लास उजेडासमोर धरला. पश्चिम ग्रीनलंडमधल्या तळ्यांचं पाणी एका वर्षात साधारण या रंगाचं झालं, म्हणाली. २०२२ च्या शरदात तिथे विक्रमी ऊब आणि विक्रमी पाऊस एकदमच आले. जे बर्फ म्हणून पडायचं ते पाणी होऊन पडलं, आणि वितळलेल्या मातीतला सेंद्रिय गाळ आणि लोह घेऊन तळ्यांत उतरलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत साडेसात हजारांवर निळी तळी तपकिरी झाली. असा बदल व्हायला एरवी काही दशकं लागतात. पाणी गढुळलं की सूर्यप्रकाश खोल जात नाही, आतली शेवाळं बदलतात, आणि कार्बन शोषणारी तळी कार्बन सोडायला लागतात. तिथली माणसं याच तळ्यांचं पाणी पितात. तिचा चहा गार होईपर्यंत ग्लास हातातच होता.

संध्याकाळी ताईने लंबी रोटी करणाऱ्या मावशींना घरी बोलावलं होतं. आमच्याकडे मांडे म्हणतात त्यातलाच प्रकार. कणीक इतकी सैल की ती लाटत नाहीत, मावशी ती दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवतात आणि उलट्या मडक्यावर पसरतात. खाली लाकडाचा जाळ. बाहेर एकेचाळीस अंश आणि त्या चुलीसमोर बसलेल्या. मी पंखा त्यांच्याकडे वळवला तर म्हणाल्या, “राहू द्या जी, जाळ इझते.” रोटी रुमालासारखी घडी घालून आमरसात बुडवून खाल्ली. पाच खाल्ल्या.

तिसरा दिवस

हा दिवस भाऊजींचा. ते अठ्ठावीस वर्षं सिलेवाड्याकडच्या भूमिगत कोळसा खाणीत होते, ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणारे, म्हणून निवृत्त झाले. पहाटे कोराडीला जगदंबेचं दर्शन घेतलं. देवळापासून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, ६६० मेगावॅटचे तीन संच, आणि शेजारी तलाव. भाऊजी चिमणीकडे बघून हात जोडत नाहीत, पण दर वेळी दोन क्षण थांबतात. मी पाहिलंय.

ऊन चढायच्या आत घरी आलो. मग त्यांनी शोकेसमधून कापडात गुंडाळलेला एक दगड काढला. मी तो वीस वर्षांपूर्वी पाहिला होता, पण तेव्हा नुसतं ‘छान आहे’ म्हणून खाली ठेवला होता. या वेळी तो खिडकीशी नेला.

करडी, पातळ पाटी, दोन तळहातांएवढी. तिच्यावर एक पान. जिभेसारखं लांबट, मधोमध जाड शीर, आणि त्या शिरेपासून दोन्ही कडांना तिरप्या जाणाऱ्या बारीक शिरा, एकमेकींत गुंतून जाळी झालेल्या. उजेड तिरपा पडला की प्रत्येक जाळीचं घर वेगळं दिसतं. पानाचा शेंडा नाही, तिथे पाटी तुटली आहे. देठाकडे बोट फिरवलं की शीर जाणवते.

“छत ठोकून पाहून राहिलो होतो,” भाऊजी म्हणाले. “पोकळ वाजलं. पोरांना मागं केलं, सब्बलीनं छत ड्रेस केलं, म्हणजे सुटं झालेलं पाडलं, त्यात हे खाली आलं. नाही ठोकलं असतं तर कोणाच्या तरी डोक्यावर आलं असतं.”

पानाचं नाव ग्लोसोप्टेरिस. कामठी आणि सिलेवाड्याच्या खडकांतली अशी पानं एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोळा केली, ज्यांच्या नावाचं कॉलेज शहरात आहे. हेच झाड अंटार्क्टिकात सापडलं. १९१२ मध्ये ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉट आणि त्याचे साथीदार दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावले. त्यांच्यापाशी सोळा किलो दगड होते, अखेरपर्यंत ओढत आणलेले, आणि त्यांत हे पान होतं.

तेव्हा नागपूर आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडात होते. त्या भूखंडाला गोंडवन हे नावही आपल्याच मुलखावरून पडलं. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी विदर्भ दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता, वरून हिमनद्या सरकत होत्या. चंद्रपूरजवळ इरईकाठी त्यांनी खडकावर ओढलेल्या रेघा एकोणिसाव्या शतकातच भूवैज्ञानिकांनी नोंदवून ठेवल्या आहेत. बर्फ हटलं, मागे थंड दलदली आणि तळी राहिली. त्यांच्या काठी ही झाडं. लांब अंधाऱ्या हिवाळ्याआधी पानं गाळायची. गार पाण्यात ती कुजली नाहीत, थरावर थर साचले, दबले, कोळसा झाले.

भाची बापाच्या शेजारी बसून ती पाटी मांडीवर घेऊन होती. “मी तिकडे तळात नळी खुपसून चिखलाचा गाभा काढते ना, त्यात अशीच पानं निघतात, बाबा. काळी, ओली. विलोच्या झुडपाची. तीस-चाळीस हजार वर्षांची. फक्त दगड व्हायची राहिलेली.”

भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मी खाली तेच खणत होतो आणि तू वर तेच पाहून राहिली.”

“हो.”

“आम्ही काढलं म्हणून तिकडचं वितळून राहिलं, असं म्हणतेस का?”

तिने मान हलवली. “बाबा, तुम्ही काढलं म्हणून मी कूलरखाली बसून अभ्यास केला.”

मला माझं मत सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोळशाचा जाब खाणीत उतरलेल्या माणसाला विचारू नये. अठ्ठावीस वर्षं अंधारात काढलेल्या माणसाने सगळ्या शहराचा दिवा पेटता ठेवला. पण तो कोळसा म्हणजे एका जुन्या ध्रुवाकडच्या दलदलीने धरून ठेवलेला श्वास होता, आणि तो सोडल्याने आजच्या ध्रुवाकडची दलदल तोंड उघडते आहे, हेही त्या खोलीत आम्हा तिघांना एकाच वेळी दिसत होतं. ताई आत पाटवडीचं बेसन घोटत होती. तिने तिथूनच विचारलं, “झालं का तुमचं? पानं घ्यायची आहेत.”

चौथा दिवस

रामटेक. नागपुरापासून पन्नासेक किलोमीटर. पहाटे पाचला निघालो, गडावर सातच्या आत. वरून खिंडसी जलाशय आणि पायथ्याचा अंबाळा दोन्ही दिसतात. माकडांपासून चष्मा सांभाळा, पिशवीत खायचं उघडं ठेवू नका. गडावर पाणी मिळतं, तरी आपली बाटली असू द्या.

आम्हाला मात्र जायचं होतं पुढच्या एका गावातल्या तळ्यावर. इकडे त्याला मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी तलाव. मालगुजारांनी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, शेतीसाठी गावोगाव बांधले, पूर्व विदर्भात असे हजारो आहेत. या तळ्यात शिंगाडा लावतात. पाणी आता मधल्या खळग्यात उरलं होतं, भोवती भेगाळलेला गाळ. एक वयस्क ढिवर, म्हणजे इकडचे मासेमार, काठावर जाळं सांधत बसले होते. भाची त्यांच्यापाशी उकिडवी बसली आणि विचारलं, “काका, बुडबुडे कुठं निघतात?”

त्यांना प्रश्नाचं काहीच वाटलं नाही. “शिंगाड्याचा वेल जिथं सडते तिथं. त्या बाभळीकडं. गाळ श्वास घेते.”

तिने घरून सापळा करून आणला होता. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून केलेलं नरसाळं, त्याच्या तोंडावर पाण्याने भरलेली छोटी बाटली उलटी बसवलेली. तिकडेही ती असंच साधन वापरते, फक्त मोठं. पहिला प्रयत्न फसला, नरसाळं तिरकं झालं आणि सगळे बुडबुडे बाजूने निसटले. दुसऱ्यांदा ढिवरकाका गुडघाभर पाण्यात उतरले, नरसाळं सरळ धरलं, आणि तिने काठीने गाळ ढवळला. आधी एक, मग चार, मग घुंगरांच्या झुपक्यासारखे बुडबुडे वर आले. छोट्या बाटलीतलं पाणी खाली सरकायला लागलं. दोन-अडीच बोटं वायू जमला. १७७६ साली इटलीत मॅज्योरे सरोवराच्या काठी व्होल्टा या शास्त्रज्ञाने अशीच काठी ढवळून हा वायू पहिल्यांदा गोळा केला होता. मिथेन.

तळाशी हवा पोचत नाही तिथे सूक्ष्मजीव सडक्या पानांवर जगतात आणि मिथेन सोडतात. रामटेकच्या गाळात गेल्या वर्षीचा शिंगाड्याचा वेल आहे. उत्तरेच्या तळ्यांखाली वाटी खोल जाते तसा जुना, त्याहून जुना गाळ त्या जीवांच्या ताटात येतो. केटी वॉल्टर अँथनी या शास्त्रज्ञ बाईंनी ईशान्य सायबेरियात चेर्स्कीजवळच्या तळ्यांतला वायू पकडला. २००६ साली निष्कर्ष आले. जिथून तो सर्वांत जोरात निघत होता तिथे त्याच्यातला कार्बन ३५ ते ४३ हजार वर्षं जुना होता, आणि बहुतेक सगळा वायू बुडबुड्यांवाटेच येत होता. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट तापवतो.

ऊन वाढलं तसे गावातल्या पारावर थांबलो. कोणीतरी मठ्ठा आणून दिला, कोणी ते सांगितलं नाही. संध्याकाळी काठ सावलीत आला तेव्हा भाऊजींनी बाटली मागितली. झाकण बाटली पाण्यातच असताना लावलेलं होतं. आम्हाला सगळ्यांना लांब उभं केलं, ढिवरकाकांनाही. काडी पेटवली, झाकण उघडलं.

आवाज झाला नाही म्हणावा इतका. बाटलीच्या तोंडाशी फिकट निळी ज्योत आली, काठावरून आत सरकली, क्षणभर थांबली आणि विझली. (घरी करू नका. भाऊजींनी हे आयुष्यभर केलंय.)

ते रिकाम्या बाटलीकडे पाहत राहिले. खाणीत याच वायूची भीती. सेफ्टी लँपची वात बारीक करून ज्योतीवर निळी टोपी चढते का ते ते रोज पाहायचे. हवेत पाच ते पंधरा टक्के झाला की स्फोट होतो.

“हीच ती टोपी,” म्हणाले. “हाच रंग.”

मग भाचीकडे वळले. “हे तिकडं बर्फाखाली असते?”

“हो. हिवाळ्यात बुडबुडे बर्फात थराथराने अडकतात, पांढऱ्या नाण्यांसारखे. जिथं जोर जास्त तिथं भोक उघडंच राहतं.”

“म्हणजे तिथं बर्फ पातळ असते.”

ती गप्प राहिली.

“आणि तू त्यावर चालतेस.”

“एकटी नाही जात, बाबा. दोराने बांधून घेतो. पुढच्याच्या हातात लोखंडी टोकाची काठी असते, दर पावलाला ठोकून पाहतो. आवाज बदलला की थांबायचं.”

भाऊजींनी खाली पडलेली ती गाळ ढवळायची काठी उचलली, टोकाचा चिखल बाभळीच्या खोडाला पुसला आणि तिच्या हातात दिली.

“कसं ठोकता? दाखव.”